खांद्याचा टेंडन फाटलाय आणि हातात उंदरांवरचा पेपर आलाय: तो वाचायचा कसा

बडोद्यात उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांत आणि दुसरा दिवस असे पतंगांचे दोन दिवस, उरकले की दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांद्यांची रांग लागते. दोन दिवस गच्चीवर हात वर, ढील, खेच, पुन्हा ढील. बहुतेकांचं दुखणं शेक, थोडी विश्रांती आणि साधे व्यायाम यांनी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. थोड्यांच्या एमआरआयमध्ये मात्र रोटेटर कफचा टेंडन, म्हणजे खांद्याचा स्नायू हाडाला जोडणारा दोर, आरपार फाटलेला निघतो. पतंगाचं निमित्त असतं, टेंडन बराच आधीपासून झिजलेला असतो. रिपोर्टच्या खालच्या ओळीत लिहिलेलं असतं, ‘फॅटी इन्फिल्ट्रेशन’. म्हणजे स्नायूत चरबी शिरली आहे.

मग कॅनडातला मुलगा नाहीतर पुण्यातली मुलगी रात्री बसून शोधते आणि सकाळी बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक पेपर येऊन पडतो. बाबा फोन माझ्यापुढे धरतात. ‘मॅडम, यात लिहिलंय की ही चरबी जाते.’ पेपर उंदरांवरचा असतो.

मी तो टाकून देत नाही. स्नायू का सुकतो आणि त्यात चरबी कुठून येते, याबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं रॅट (मोठा उंदीर), माऊस (लहान उंदीर), ससे आणि मेंढ्या यांच्याकडूनच आलेलं आहे. जिवंत माणसाच्या खांद्यातला स्नायू दर पंधरवड्याला कापून सूक्ष्मदर्शकाखाली कोण बघू देईल? पण पेपर वाचायची एक रीत आहे. ती त्या मुलांसाठी आणि मुलींसाठी लिहिते आहे. डॉक्टर असण्याची गरज नाही, थोडा धीर हवा.

आधी स्वतःचा रिपोर्ट वाचा

खांद्याभोवती चार छोटे स्नायू आहेत, त्यांनाच मिळून रोटेटर कफ म्हणतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. त्यांचे टेंडन दंडाच्या हाडाच्या गोळ्याला धरून ठेवतात. सर्वांत जास्त फाटतो तो वरचा, सुप्रास्पायनेटसचा. टेंडन हाडापासून सुटला की स्नायूवरचा ताण जातो. तो मागे सरकतो, बारीक होतो, त्याच्या तंतूंमध्ये चरबी आणि तंतुमय ऊती भरू लागतात.

ही चरबी मोजायची पट्टी फ्रेंच सर्जन गूटालिए यांनी 1994 मध्ये सीटी स्कॅनवरून मांडली आणि 1999 मध्ये ती एमआरआयसाठीही वापरून पाहिली गेली. ग्रेड 0 म्हणजे चरबी नाही, 1 म्हणजे काही रेघा, 2 म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त, 3 म्हणजे दोन्ही सारखे, 4 म्हणजे चरबीच जास्त. आपल्या रिपोर्टमध्ये ग्रेड लिहिलेला नसेल तर रेडिऑलॉजिस्टना विचारा, त्यात संकोच नको. फाट किती सेंटिमीटरची आहे आणि टेंडन किती मागे गेलाय, म्हणजे ‘रिट्रॅक्शन’ किती, हेही टिपून ठेवा.

माणसांवरच्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण प्राण्यांवरचा प्रत्येक पेपर त्यांच्याशी ताडून बघायचा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेंडन शिवलेल्या रुग्णांचे एमआरआय आधी आणि नंतर काढले होते. टेंडन व्यवस्थित जुळलेल्यांमध्येसुद्धा चरबी आणि स्नायूचं सुकणं सुधारलं नाही. आणि 2010 च्या एका मोठ्या फ्रेंच अभ्यासात सुप्रास्पायनेटसमध्ये मध्यम चरबी लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी 3 वर्षांनी आणि तीव्र चरबी सरासरी 5 वर्षांनी दिसली. सरासरी आहे, तुमच्या बाबांचं कॅलेंडर नाही. तरी हा काळ वर्षांत मोजायचा असतो, एवढं त्यातून पक्कं कळतं.

पेपर उलटा वाचायला घ्या

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत वेबसाइटवर पेपर शोधा. उजवीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’चं बटण असेल तर पूर्ण पेपर उघडा. नुसता सारांश वाचून मत बनवू नका, सारांशात सगळंच गुळगुळीत असतं. पूर्ण पेपर उघडला की शेवटचा निष्कर्ष सोडून द्या आणि थेट ‘मेथड्स’वर, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या भागावर जा. इंग्रजी जड वाटलं तर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये तेवढाच भाग टाका. मराठी वेडीवाकडी येते, पण कोणता प्राणी, किती, कधी कापलं, कधी औषध दिलं, एवढं सहज कळतं. आपल्याला तेवढंच हवं आहे.

कोणता प्राणी

रॅट या विषयात इतका का दिसतो, त्याला कारण आहे. 1996 मध्ये अमेरिकेतल्या सोस्लोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 33 प्राण्यांचे खांदे तपासले. माणसात सुप्रास्पायनेटसचा टेंडन अ‍ॅक्रोमिऑन या हाडाच्या कमानीखालून जातो आणि तिथेच घासला जातो. तशी रचना त्यांना रॅटमध्ये सापडली. शिवाय रॅट स्वस्त, पिंजऱ्यात मावणारा, दोन-तीन वर्षं जगणारा. तेव्हापासून टेंडनचे असंख्य प्रयोग त्याच्यावर झाले.

चरबीच्या बाबतीत मात्र रॅट कच्चा आहे. त्याचा नुसता टेंडन कापला तर स्नायू सुकतो, पण माणसासारखी भरभरून चरबी शिरत नाही. वर सुटलेलं टोक व्रणाच्या ऊतीने हाडाकडे परत चिकटू पाहतं. माणसाच्या मोठ्या, जुन्या फाटीत असं सुख मिळत नाही. म्हणून रॅटच्या पेपरात ‘औषधाने चरबी कमी झाली’ असं वाचलंत, तर औषध न दिलेल्या गटात मुळात किती चरबी होती ते आधी बघा.

माऊस म्हणजे त्याहून लहान उंदीर. त्याचा उपयोग जनुकांसाठी होतो, कारण एखादी पेशी चमकेल किंवा एखादं जनुक बंद पडेल असे माऊस तयार करता येतात. सशात टेंडन कापल्यावर चरबी रॅटपेक्षा ठळक दिसते आणि त्याचा सबस्कॅप्युलॅरिस हाडाच्या बोगद्यासारख्या जागेतून जातो, त्यामुळे तोही या कामाला घेतात.

माझा विश्वास सर्वांत जास्त मेंढीवर आहे. मेंढीचा इन्फ्रास्पायनेटस आकाराने माणसाच्या स्नायूच्या जवळचा आहे आणि टेंडन सोडवल्यावर काही महिन्यांत त्यात खरोखर चरबी येते. झुरिकच्या गेर्बर आणि मायर यांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. 2004 च्या त्यांच्या कामातून एक सुंदर गोष्ट कळली. स्नायूचे तंतू मधल्या टेंडनला तिरपे जोडलेले असतात. टेंडन मागे सरकला की ते आणखी आडवे होतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. छत्रीची कडी सरकवली की काड्या फाकतात आणि मधली जागा वाढते, तसंच. त्या फटीत चरबी आणि तंतुमय ऊती जाऊन बसतात. तंतू कुजून त्यांची चरबी झाली, असं जे अनेकांना वाटतं, ते चित्र यातून बदललं.

याच मेंढ्यांमध्ये टेंडन उशिरा शिवला तेव्हा स्नायू पूर्ववत झाला नाही. पुढे त्याच गटाने एका यंत्राने स्नायू हळूहळू ताणत मूळ लांबीकडे नेला, तेव्हा त्याची बांधणी काही प्रमाणात सुधारली. हा पेपर मी रुग्णांच्या मुलांना आवर्जून वाचायला सांगते, कारण यात नुकसान आधी होऊ दिलं आणि उपाय नंतर केला.

सगळे चार पायांवर चालतात, हेही विसरू नका. त्यांचा खांदा अंगाचं वजन पेलतो. आपला हात लटकतो आणि डोक्यावर जातो, फिरकी धरायला नाहीतर माळ्यावरचा डबा काढायला.

कसं कापलं

प्रयोगात टेंडन तरुण, निरोगी जनावराचा असतो आणि तो एका क्षणात, धारदार हत्याराने कापलेला असतो. माझ्याकडे येणारे बहुतेक काका-काकू साठीच्या पुढचे, निम्म्यांना मधुमेह, आणि टेंडन पंधरा वर्षं झिजून फाटलेला. पेपरमध्ये जनावराचं वय शोधा. काही महिन्यांचा रॅट म्हणजे ऐन तारुण्यातला.

आता एक ओळ नीट शोधा: ‘सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह’ कापली आहे का? लहान उंदरांमध्ये पुरेशी चरबी यावी म्हणून बरेच संशोधक टेंडनबरोबर ही नसही कापतात. त्यामागे तर्क आहे. माणसात स्नायू खूप मागे सरकला तर या नसेवर ताण येऊ शकतो, असं मृतदेहांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. पण ताणलेली नस आणि तोडलेली नस यांत फार अंतर आहे. नस तुटलेला स्नायू वेगळ्या वाटेने सुकतो. तिथे चाललेलं औषध नुसत्या टेंडनच्या फाटीत चालेलच असं नाही. मेथड्समध्ये नस कापल्याचं दिसलं की मी पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘नस’ लिहून ठेवते.

उपचार कधी सुरू केला

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. औषध, इंजेक्शन किंवा पेशी कोणत्या दिवशी दिल्या? बऱ्याच पेपरांत टेंडन कापला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू होतो आणि काही आठवड्यांनी स्नायू तपासतात. चरबी कमी दिसते. याचा अर्थ चरबी येऊ दिली नाही. आलेली चरबी काढली, असा त्याचा अर्थ होत नाही.

समजा, तुमच्या बाबांना ग्रेड 2 आहे. त्यांची चरबी आलेली आहे. त्यांच्या कामाचा पेपर तोच, ज्यात आधी कित्येक आठवडे स्नायू बिघडू दिला, बिघडल्याचं दाखवलं आणि मगच उपचार केला. असे पेपर कमी आहेत आणि त्यांचे निकाल जास्त थंड असतात. मेथड्समध्ये ‘इमिजिएटली आफ्टर’ दिसलं की समजा, हा पेपर उद्या ज्याचा टेंडन फाटणार आहे त्याच्यासाठी आहे.

एक उदाहरण घेऊ. 2010 मध्ये कॅनडातल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे स्नायूतल्या अशा पेशी दाखवल्या, ज्या चरबीच्याही होऊ शकतात आणि तंतुमय ऊतीच्याही. त्यांना थोडक्यात फॅप म्हणतात. निरोगी स्नायूला दुखापत झाली की याच पेशी दुरुस्तीला मदत करतात. टेंडन सुटलेल्या स्नायूत मात्र त्या चरबीच्या वाटेला लागतात. मग कॅलिफोर्नियातल्या एका गटाने विचार केला की या पेशींना ऊर्जा जाळणाऱ्या, ‘बेज’ म्हणतात त्या प्रकारच्या चरबीकडे वळवता येईल का. त्यासाठी बीटा-3 रिसेप्टर या पेशीवरच्या कळीला चालना देणारी औषधं माऊसवर वापरली आणि स्नायूची स्थिती सुधारली. काम हुशारीचं आहे, मला मनापासून आवडतं.

आता अडचण बघा. याच कुळातली मिराबेग्रॉन ही गोळी आपल्याकडे वारंवार लघवी लागते त्यावर देतात, कोणत्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळते. एका रुग्णाचा भाचा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, ‘ताई, मामांना चालू करू का?’ मामांचं ब्लड प्रेशर आधीच चढं होतं आणि या गोळीने ते वाढू शकतं. मी त्याला म्हटलं, आधी तीन ओळी शोध: प्राणी कोणता, कापलं काय, औषध कधी सुरू केलं. त्याने माझ्यासमोर बसूनच शोधल्या आणि फोन खिशात ठेवला. गोळीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

काय मोजलं

यावर थोडक्यात. स्नायूचं वजन हे सर्वांत सोपं माप आहे आणि फसवं आहे, कारण चरबी, सूज आणि व्रण यांचंही वजन भरतं. ऑइल रेड ओ नावाच्या रंगाने चरबी लाल दिसते, ते चित्र डोळ्यांनी बघा. सिरिअस रेड तंतुमय ऊती दाखवतो. अ‍ॅट्रोजिन-1 आणि मर्फ-1 ही स्नायूची प्रथिनं मोडायला लावणारी जनुकं आहेत. ती कमी झाली म्हणून स्नायू वाचलाच, असं धरू नका. सर्वांत मोलाचं माप म्हणजे बळ: स्नायूला विजेचा झटका देऊन तो किती जोराने आकसतो ते. पेपरमध्ये ते असेल तर संशोधकांनी मेहनत घेतली आहे. बाबांना कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात न्यायचा आहे, त्यांना रंगीत चित्राशी काय देणंघेणं.

एमआरआयची एक गंमत मेंढीला आणि माणसाला सारखीच लागू आहे. चरबी पाहण्यासाठी खांद्याचा एक ठरावीक उभा छेद बघतात, ज्यात खांद्याचं पातं इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं. टेंडन फाटून स्नायू मागे गेला की त्या छेदात स्नायूचा निमुळता भाग येतो. शिवल्यावर स्नायू पुढे ओढला जातो आणि त्याच छेदात त्याचा जाड भाग येतो. फोटोत स्नायू भरलेला दिसतो, प्रत्यक्षात तो फक्त सरकलेला असतो. ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या एमआरआयवर कोणी ‘सुधारणा’ म्हणत असेल तर हे आठवा.

कोणाशी तुलना आणि किती जनावरं

अनेक पेपर त्याच जनावराच्या दुसऱ्या खांद्याशी तुलना करतात. पण एक पाय दुखावला की जनावर दुसऱ्यावर जास्त भार टाकतं, म्हणजे तो खांदाही सामान्य राहत नाही. ज्यात खोटं ऑपरेशन केलेला वेगळा गट आहे, म्हणजे कातडी उघडली, टेंडनला हात न लावता शिवली, तो पेपर चांगला. आकडा जनावरांचा बघा. हजार तंतू मोजले असं मोठ्या अक्षरात असतं आणि ते तंतू सहा उंदरांचे असतात. कोणता उंदीर कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे लिहिलेलं हवं. अशा गोष्टी कशा मांडाव्यात यासाठी ‘अराइव्ह’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं 2010 मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि 2020 मध्ये सुधारली गेली. पेपरमध्ये त्यांचा उल्लेख शोधा. उल्लेख आहे म्हणजे नियम पाळले, असं मात्र लगेच धरू नका.

गुजरातेत राहायचं म्हणजे इथे एक प्रश्न ठरलेला. घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतल्या एका जैन आजींनी माझ्याकडे व्यायाम करता करता विचारलं, ‘बेन, त्या जिवांना दुखत असेल ना?’ दुखतं. म्हणूनच भारतात 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेतल्या आचार समितीची मंजुरी लागते. प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडले होते, आणि आजही मंजुरी त्यांच्यावरच तोलली जाते. मंजुरीचा उल्लेख पेपरात नसेल तर तो मी पुढे वाचत नाही.

मग बाबांनी काय करायचं

इंजेक्शन विकणारे भेटतील. ‘स्टेम सेलने स्नायू परत येतो, उंदरांवर सिद्ध झालंय’ असं सांगून मोठी रक्कम मागतील. भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर रीतसर चाचणीतच करता येतो. म्हणून एकच प्रश्न विचारा: सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? भारतातल्या चाचण्यांची ती सरकारी नोंदवही आहे, घरबसल्या बघता येते. आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागत असतील तर उठून या.

घाबरून हात महिनोन्‌महिने झोळीत बांधून ठेवू नका. 2009 च्या रॅटवरच्या एका प्रयोगात टेंडन शिवल्यावर बोटॉक्सने स्नायू पूर्ण लुळा केला, तर टेंडन नीट जुळला नाही. थोडा भार लागतो. किती आणि कधीपासून, हे रॅट सांगू शकत नाही, ते ज्यांनी शिवलं ते सर्जन आणि तुमचा फिजिओ मिळून ठरवतील. ऑपरेशन झालेलं नसेल तर उरलेल्या चांगल्या स्नायूंना कामाला लावायचं. प्रा. माणिकरावांच्या आखाड्याच्या या गावात जोर-बैठका सुचवणारे पुष्कळ भेटतात, पण फाटलेल्या टेंडनला जोर नकोत. सुरुवात टेबलावर पंचा ठेवून हात पुढे सरकवण्यापासून होते.

सर्जनकडे जाताना कागदावर चार प्रश्न लिहून न्या. चरबीचा ग्रेड कोणता आणि तो कोणत्या स्नायूत? टेंडन ओढून हाडापर्यंत पोहोचेल का? आज शिवलं तर आणि सहा महिने थांबलं तर, या स्नायूत काय फरक पडेल? शिवलं नाही तर किती दिवसांनी पुन्हा एमआरआय काढायचा? पन्नाशीतला माणूस, नुकतीच पडून झालेली फाट आणि ग्रेड 1 असेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबवू देऊ नका, तारीख घेऊनच उठा. पंचाहत्तरीच्या आजोबांना ग्रेड 4 असेल आणि व्यायामांनी हात डोक्यापर्यंत जात असेल, तर घाई करण्यासारखं फारसं काही नसतं.

पेपर न्यायचा असेल तर खुशाल न्या, पण मेथड्समधल्या त्या तीन ओळींखाली रेघ मारून न्या, म्हणजे डॉक्टरांना सगळा चाळावा लागणार नाही. आणि एमआरआयची सीडी न्या. वाय दिसणारा तो छेद सर्जनना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो, नुसत्या टाइप केलेल्या रिपोर्टवर त्यांचं भागत नाही.